सुगंधा, वय एकोणीस

दशरथ पेडणेकरांच्या हातून चौतीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. हे आम्ही म्हणत नाही, ते स्वतः म्हणायचे, आणि दिवसातून निदान दोनदा! सरकारी कचेरीतलं आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले, दादरचं बिऱ्हाड हलवून भाईंदर पूर्वेच्या फ्लॅटमध्ये आले आणि तिथे एका पशुवैद्यकीय संस्थेने त्यांना समन्वयक नेमलं. शहरातल्या घोड्यांना पोटशूळ इतका का होतो, याचा ही संस्था अभ्यास करत होती. घोडे तपासायचं काम डॉक्टरांचं. कुठला घोडा कुठे बांधलेला असतो, काय खातो, त्याचं रक्त कधी घेतलं, लीद कधी तपासली हे कागदावर आणायचं, आणि घोडा आजारी पडला की डॉक्टरांना कळवायचं, हे काम दशरथरावांचं.

"घोड्यातलं तुम्हाला काय कळतं हो?" त्यांच्या पत्नीने, सुगंधाबाईंनी, पहिल्याच दिवशी विचारलं.

"घोड्यातलं कशाला कळायला हवं? फायलीतलं कळतं ना!"

त्यांचे नियम दोनच. एक, रकाना रिकामा सोडायचा नाही. दोन, तोंडी काही नाही, सगळं लेखी. पुढचा सगळा घोटाळा या दोन नियमांनी केला. नियम मोडले असते तर काही झालं नसतं!

पहिला नियम नडला गोडदेवला. तिथल्या जुन्या गावठाणात, चारी बाजूंनी उठलेल्या इमारतींच्या मधे, पत्र्याच्या छपराखाली गोपीनाथची पांढरी घोडी बांधलेली असे. वरातीची घोडी. गोडदेव-खारीतले अर्धे नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात गेले होते. बायको गेल्यापासून गोपीनाथच्या घरात तो आणि घोडी अशी दोनच माणसं. दशरथरावांनी फॉर्म काढला. रकाना तीन, घोड्याचं नाव.

"घोरीला नाव कशाला, सायेब? घोरी म्हंजे घोरी."

"अहो, पण हाक कशी मारता?"

"हाक कशाला मारायची? मी आलो का ती बगते."

"रकाना रिकामा कसा ठेवणार मी?"

"मंग तुमीच लिवा कायतरी."

तेवढ्यात दशरथरावांचा फोन वाजला. घरची कोथिंबीर संपली होती. फोनवर जे नाव झळकत होतं तेच त्यांनी घाईघाईत रकान्यात उतरवलं. सुगंधा. वय एकोणीस. रंग पांढरा. नोंद क्रमांक सत्तेचाळीस. काम फत्ते!

घरी हे कळल्यावर सुगंधाबाईंनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मात्र पदराआड गुळाचा खडा घेऊन त्या गोडदेवला निघाल्या. "बघू तरी, माझ्या नावाची कोण भवानी आहे ती!" तेव्हापासून दर सोमवारी गूळ जाऊ लागला. "फार गुणाची आहे हो," त्या येऊन सांगायच्या. "तुमच्यापेक्षा जास्त ऐकते."

मग तो शनिवार उजाडला.

सकाळी नऊला गोपीनाथचा फोन आला. घोडीने रात्रीपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. सारखी पोटाकडे मान वळवून बघत होती, खाली बसत होती, लोळत होती. दशरथराव तसेच रिक्षात बसले. वाचायचा चष्मा फ्रिजवर राहिला. तबेल्यात पोहोचले तेव्हा घोडी घामाने निथळत होती आणि पुढच्या पायाने जमीन उकरत होती. फायलीतलं कळणाऱ्या माणसालाही ते कळलं.

"सायेब, डॉक्टरीनबायला फोन लावा."

"फोन नाही, गोपीनाथ. लेखी! लेखी दिलं की कुणाला नाही म्हणता येत नाही."

डॉक्टरांना तातडीने बोलवायचा एक वेगळा ग्रुप होता, आणि त्यावर गोल चित्र होतं पांढऱ्या घोड्याचं. चष्म्याशिवाय अक्षरं दिसेनात, पण पांढरा घोडा दिसला. दशरथरावांनी त्यावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात मजकूर सांगितला. फोनने तो टिपून घेतला.

"तातडीचे. सुगंधा, वय एकोणीस, क्रमांक सत्तेचाळीस. कालपासून अन्नपाणी सोडले आहे. पोटात असह्य कळा. उभी राहत नाही, लोळते. मालक जवळच आहेत. त्वरित यावे. उशीर झाल्यास हाती लागणार नाही. दशरथ."

"पोहोचलं!" ते म्हणाले. "आता निघालेच म्हणून समज."

पोहोचलं होतं खरं! फक्त त्यांनी बोट ठेवलेल्या गोल चित्रातल्या घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बसला होता. तो दशरथरावांचा भाचा नीरज, आणि तो ग्रुप 'पेडणेकर परिवार'. पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं येतात म्हणून दशरथरावांनी त्या ग्रुपचा आवाज दोन वर्षांपूर्वीच बंद करून टाकला होता.

गोपीनाथ घोडीला उठवून गल्लीत फिरवू लागला. उभ्या स्कूटरींमधून एक चक्कर, दुसरी चक्कर. दशरथराव दर चकरेला कोपऱ्यावर जाऊन रस्ता बघून येत. अकरा वाजले. बारा वाजले.

"सायेब, एक फोन तरी."

"अरे, लेखी दिल्यावर फोन करणं म्हणजे अविश्वास दाखवणं. संस्थेच्या डॉक्टर मनाली शब्दाच्या पक्क्या आहेत. येतील."

घोडी आता चालता चालता बसू लागली.

इकडे घरी सुगंधाबाई शेव पाडत होत्या. बेल वाजली. पिठाच्या हातांनी त्यांनी दार उघडलं, तर दारात नणंद नीलिमा, ग्रुपवरचा निरोप उशिरा बघून, फोनही न करता मीरा रोडहून धावत आलेली, डोळे सुजलेले. मागे नीरज.

"वहिनी! तुम्ही उभ्या कशाला राहिलात!"

"मग दार काय झोपून उघडू?"

"लोळताय ना तुम्ही?"

"शेव पाडतेय गं! लोळतंय कोण?"

"लपवू नका. दादाने लेखी दिलंय!"

झालं! दादाने लेखी दिलंय म्हटल्यावर पेडणेकरांच्या घरात समोर उभ्या असलेल्या जित्याजागत्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? तासाभरात चौदा माणसं जमली. कुणी शहाळी आणली, कुणी सफरचंदं. पंढरीनाथ काका तर बेड नंबर सत्तेचाळीस शोधत दोन दवाखाने पालथे घालून आले. "वय एकोणीस का लिहिलंय?" कुणीतरी विचारलं. "घाबरला बिचारा," नीलिमा हुंदका देत म्हणाली, "एकोणसाठचं एकोणीस झालं." "आणि स्वतःला मालक म्हणवून घेतोय!" काकांना वेगळीच काळजी. शेजारच्या शाहभाभींनी सुगंधाबाईंचे खांदे धरून त्यांना पलंगावर दाबलं. "भाभीजी को उठने मत दो! अंदर का दर्द बाहर दिखता नहीं है!"

"अगं, दाखव तरी काय लिहिलंय ते!" सुगंधाबाई ओरडल्या आणि त्यांनी नीलिमाचा फोन हिसकावला.

वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. घरात चौदा माणसं होती, पण क्रमांक सत्तेचाळीस कोण हे त्यांनाच ठाऊक होतं.

दशरथरावांचा फोन वाजला तेव्हा पावणेदोन झाले होते.

"अहो, मी बरी आहे. ती कशी आहे?"

"तू बरी नसायला काय झालं? आणि ती कोण?"

"सुगंधा! तुमचा कागद चुकीच्या टेबलावर आलाय. इथे आलाय, आपल्या घरच्यांकडे. डॉक्टरांना काही कळलेलंच नाही."

चौतीस वर्षांत दशरथरावांनी कुणाला तोंडी काही कळवलं नव्हतं. आता त्यांनी डॉक्टर मनालीला फोन लावला.

"काका!" ती जवळजवळ किंचाळली. "मी सकाळपासून उत्तनला आहे! इथे घोडे तपासतेय. एक फोन करायचात ना!"

चाळीस मिनिटांत ती आली. त्याच सुमाराला चार रिक्षा भरून पेडणेकर परिवारही आला. सुगंधाबाई निघाल्या तशी बाकीची वरात मागोमाग निघाली, शहाळी-सफरचंदांसकट. दशरथरावांना फैलावर घ्यायचं असं वाटेत सगळ्यांचं ठरलं होतं. पण तबेल्याच्या तोंडाशी आल्यावर सगळे जागीच थांबले. घोडी आडवी पडली होती. तिचं डोकं गोपीनाथच्या मांडीवर होतं.

"वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच," पंढरीनाथ काका पुटपुटले. नीलिमाने त्यांना कोपर मारलं.

"आई," नीरज हळूच म्हणाला, "ही माझीच घोडी गं. माझ्या लग्नातली. ग्रुपवरच्या फोटोतली."

नीलिमा सकाळपासून रडतच होती. पण आता ती तोंडात पदर कोंबून रडली. या घोडीपुढे ती दोन तास नाचली होती, आणि घोडी एकदासुद्धा बिथरली नव्हती.

मनालीने नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली, पोटाला कान लावला. मग पुन्हा लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. "आतडं पिळलंय," ती म्हणाली. सुगंधाबाई लिदीचिखलात फतकल मारून बसल्या, सफरचंदाची फोड घोडीच्या ओठांशी धरली. "घे गं. गूळ नाही आणला आज. घे." घोडीने फोड हुंगली. बेसनाचा तो हातही हुंगला. पण खाल्लं नाही. चारच्या सुमाराला ती गेली.

दशरथराव मनालीजवळ गेले. ती नळी गुंडाळत होती.

"सकाळी आला असतात तर?"

"नक्की नाही सांगता येत, काका."

"पण कदाचित?"

तिने नळीची गाठ मारली. "कदाचित," ती म्हणाली.

मग ते गोपीनाथपुढे जाऊन उभे राहिले. भाषण मनात तयार होतं, पण बोलले चारच शब्द. "गोपीनाथ, चूक माझी आहे."

गोपीनाथने वर पाहिलं. गल्लीत उभ्या असलेल्या त्या सगळ्या अनोळखी माणसांकडे पाहिलं, हातातली शहाळी, ओले डोळे.

"हिच्यासाठी एवरी मानसं आली, सायेब," तो म्हणाला. "माजी बायको गेली तवा पन न्हवती आली." आणि घोडीच्या आयाळीत तोंड खुपसून तो ओक्साबोक्शी रडू लागला. त्याला कुणीही खरं कारण सांगितलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी दशरथराव संगणकावर शेवटची नोंद करायला बसले. शेव तशीच परातीत पडली होती. सुगंधाबाईंनी फ्रिजवरचा चष्मा आणून दिला आणि शेजारी बसल्या.

"नाव बदलता येतं," दशरथराव खालच्या आवाजात म्हणाले. "नुसतं घोडी असं लिहितो. तुझं नाव, आणि पुढे मृत..."

"राहू दे ते नाव," सुगंधाबाई म्हणाल्या. "निदान नाव तरी असू दे तिला."

शेवटचा रकाना होता मृत्यूचं कारण. पोटशूळ एवढं लिहून भागलं असतं. डॉक्टरही तेच म्हणत होती. पण दशरथ पेडणेकरांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. त्यांनी एकेक अक्षर चाचपत लिहिलं, "समन्वयकाने निरोप चुकीच्या ठिकाणी पाठवला. फोन केला नाही." आणि बटण दाबलं.

लाल अक्षरं उमटली. हे कारण यादीत नाही. यादीतील कारण निवडा.

त्यांनी यादी उघडली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग सगळ्यात शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

इतर.

"धन्यवाद!" संगणक म्हणाला. "आपली नोंद बिनचूक आहे."