लूकसमामांची बालबाग

लूकसमामा मुलांचे हात हुंगत. नगरच्या आमच्या मिशन कंपाउंडातल्या बालबागेच्या फाटकात ते उभे राहत आणि घरी निघालेल्या प्रत्येक पोराचा तळहात नाकाशी धरत. मातीचा वास आला तर सुटका. नाही आला तर, "आज नुसतं हिंडलास व्हय?" असं म्हणून परत वाफ्यावर रवानगी. मामा मूळचे घोडेगावचे. वडील बाजारात दात बघून बैलाचं वय सांगत. मुलाने नाक चालवलं, एवढाच फरक.

विहिरीशेजारी चाळीसेक वाफे होते. एका मुलाला एक वाफा आणि पत्र्याच्या तुकड्यावर डांबराने लिहिलेलं त्याचं नाव. नाताळच्या आधीच्या शनिवारी सगळी कुटुंबं तिथे जमत. आपापल्या मुलाच्या वाफ्यातली भाजी खुडायची, ती एकाच पातेल्यात शिजवायची आणि वाफ्याच्या कडेला बसून भाकरीशी खायची. ज्याचा वाफा नाही त्याला आत जागा नाही. एकदा खुद्द चर्चचे पाळकसाहेब भाकरी बांधून आले, तर मामांनी विचारलं, "तुमचं पोरगं कोन्त्या वाफ्यावर हाय?" पाळकसाहेबांचं लग्न व्हायचं होतं. ते मुकाट्याने घरी गेले.

दुसरा नियम याहून जहाल. आठ दिवस पाणी घातलं नाही की वाफा जप्त, मग पोर कुणाचं का असेना. डॉक्टर आपल्या मुलासाठी भांडायला आले, तेव्हा मामांनी वाळलेला मुळा त्यांच्या हातात ठेवला आणि फाटक लावून घेतलं.

मी कंपाउंडातल्या शाळेत मास्तर. ही गंमत मीही चार लोकांत रंगवून सांगत असे. मग एका वर्षी आमची मार्था तापाने अंथरुणाला खिळली आणि दिवाळीनंतर गेली. सहा वर्षांची होती; बागेत तिचाही वाफा होता. ती आजारी असताना मामा एकदाच दारात आले, "पोरगी कवा येनार?" एवढंच विचारून गेले. मातीलाही आले नाहीत. वाफ्याची चौकशी करायला आला होता मेला, असं मी मनात धरलं आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं.

नाताळच्या आधीच्या त्या शनिवारी सकाळी माझी बायको सुशीला भाकऱ्या थापायला बसली.

"फाटकातूनच परत यायचंय," मी म्हणालो.

"परत पाठवलं तर येऊ. तिच्या नावाचा पत्रा उपटलेली जागा तरी बघू द्या."

आम्ही पोचलो तेव्हा सगळे जमले होते. मामांनी धड वर पाहिलंही नाही. "लई उशीर केलात," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

वाफ्यावर मार्थाचंच नाव होतं. मेथी वीतभर, कोवळी. तिने पेरलेली केव्हाच जून झाली असती. ही नवी होती.

"कुणी पेरली, मामा?"

"मीच. पानी बी मीच घालतो." मग थांबून म्हणाले, "मातीला याया पाय धजला न्हाई, मास्तर."

मला माझी लाज वाटली. सुशीला वाफ्याशी बसली, पण तिचा हात भाजीला लागेना. मामा शेजारी उकिडवे बसले. त्यांनी मूठभर मेथी खुडून तिच्या पदरात घातली.

"खुड बाई. पातेलं अजून चुलीवर चढलेलं न्हाई. म्या सांगितलंय, पोरीची भाजी आल्याबिगर चढवायचं न्हाई."

मी मान वर केली. सगळी कुटुंबं आपापल्या वाफ्याशी भाकऱ्या बांधलेल्याच ठेवून आमच्याकडे बघत बसली होती.