मध्यंतरातलं मतदान

मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतराचे दिवे लागले की माणसं पॉपकॉर्नच्या रांगेकडे धावतात. आमच्या सुभद्राकाकी उठून उभ्या राहतात, पदर कमरेला खोचतात, पडद्याकडे पाठ करतात आणि सगळ्या प्रेक्षकांना खणखणीत आवाजात सांगतात, "जरा दोन मिन्टं थांबा. हात वर करून सांगा, ह्या पोरीनं ह्याच्याशी लगीन करावं का न्हाई?"

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीखाली पडलेली चप्पल शोधायच्या निमित्ताने जी खाली वाकले, ती सिनेमा पुन्हा सुरू होईपर्यंत वर आले नाही. आता सवय झाली आहे. आता मी हात मोजायला मदत करते.

काकी माझ्या घरमालकीण. उरवड्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि गावाच्या अलीकडच्या वाडीवर त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. खाली काकी आणि अण्णा. शेतीचा बराचसा भाग विकला गेला, उरलेल्या जागेवर खोल्या निघाल्या, त्यात आम्ही भाडेकरू. काकी एके काळी गावच्या सरपंच होत्या. खुर्ची गेली, पण ग्रामसभा काही त्यांच्या अंगातून गेली नाही. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं का? मतदान. पाण्याची मोटर सकाळी लावायची का संध्याकाळी? मतदान. दारातल्या मांजरीच्या पिल्लाचं नाव काय ठेवायचं? त्यावर तर दोनदा मतदान झालं, कारण पहिल्यांदा मांजर बोका आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"ठराव मांडते," असं म्हणून त्या सुरुवात करतात. कुणी गप्प बसलं की, "का गं, हाताला मेंदी लावलीया का?" आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "बहुमत काय म्हंतंय?"

मला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा, त्याचे आईवडील, पोह्यांच्या बश्या, सगळं रीतसर. ते निघून फाटकापर्यंत पोचले नाहीत तोवर काकींनी ओट्यावर उभं राहून भाडेकरूंना विचारलं, "पोरगा कुणाला पसंत हाय?" एकही हात वर गेला नाही. मुलाच्या आईने वळून पाहिलं. "माझा पण न्हाई," काकी तिला म्हणाल्या, "पर मनाला लावून घेऊ नका, पोहे आवडले त्याला, गुणी हाय."

अण्णा याच्या अगदी उलट. उंच, किडकिडीत, पांढरीशुभ्र टोपी आणि दिवसाला मोजून चार शब्द. त्यांना आयुष्यात एकच नाद, सिनेमा. मराठी, हिंदी, कुत्र्याचा, भुताचा, कुठलाही चालतो. रविवारी दुपारी काकी खालून हाक मारतात, "मेघना, गाडी काढ!" मग मी, अण्णा, काकी आणि काकींच्या पिशवीत साडीच्या घडीत लपवलेल्या भाजक्या शेंगा, असे आम्ही हिंजवडीकडे निघतो.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. एवढ्या हौसेनं सिनेमाला येणाऱ्या काकींना सिनेमातलं काहीच ठाऊक नसायचं. अंधारात मला कोपर मारून विचारायच्या, "कोन ओरडलं?" पुढच्या रांगेतल्याच्या खांद्यावर टकटक करून, "त्यो मेला का जिता हाय?" बाहेर पडताना अनोळखी माणसांना धरून, "तुमी रडलात का? कुटं रडलात? का?" माझी समजूत अशी की काकी झोपतात आणि मग लोकांकडून गोष्ट गोळा करतात.

तर हा सिनेमा. लग्नाची गोष्ट, प्रेम, हसाहशी, आणि आत एक भयंकर गुपित. आमच्या कंपनीत सगळ्यांच्या तोंडी तोच. जो बघून यायचा तो डोळे मोठे करून म्हणायचा, "बघ तू. मी काही सांगणार नाही." मोबाइलवर थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ फिरत होते. कुणी हसत होतं, कुणी डोकं धरून बसलं होतं, एक बाई तर नवऱ्याकडे संशयाने बघत होती. जाहिरातीवर लिहिलं होतं, गुपित कुणाला सांगू नका.

"गुपित ठेवायचं तर तिकीट कशाला इकतायत?" काकी भडकल्या. पण रविवारी त्या सगळ्यांच्या आधी गाडीत बसून होत्या.

थिएटर खच्चून भरलं होतं. आमच्या पुढच्या रांगेत एक जोडी बसली होती. जाहिराती संपेपर्यंत काकींनी त्यांची सगळी माहिती काढली. मुलगी ऋतुजा, शाळेत शिक्षिका. मुलगा ओंकार, हिंजवडीतल्या कंपनीत इंजिनियर. तुळशीच्या लग्नानंतर दोघांचं लग्न. पत्रिका छापायला टाकलेल्या. "लाडू का जिलबी?" काकींनी विचारलं. दोघं एकदम म्हणाले, "जिलबी." काकी खूश.

सिनेमा सुरू झाला. नायक असा गरीब, की झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीतून बाहेर सोडतो. होणाऱ्या सासूला केक करून खाऊ घालतो. पोरगी त्याच्यावर फिदा, आणि थिएटरमधल्या निम्म्या पोरीही फिदा. मेंदीचा कार्यक्रम, गाणी, गोंधळ. आणि त्या गर्दीत एक म्हातारे पाहुणे नायकाकडे टक लावून बघतात, पुढे येतात, प्रेमाने त्याचा खांदा थोपटतात आणि म्हणतात, "अरे, तू सुटलास कधी?"

सख्ख्या मामाच्या खुनात तुरुंग भोगून आलेला होता तो.

थिएटर गार. कुणाच्या तरी मांडीवरून पॉपकॉर्न सांडल्याचा आवाज आला. मागून एक जण म्हणाला, "अरे भाई साब!" कोपऱ्यातला एक माणूस एकटाच खो खो हसायला लागला, मग लाजून थांबला, आणि तो थांबल्यावर सगळं थिएटर हसलं. त्या हसण्यातच दिवे लागले.

काकींनी मला कोपर मारलं. "काय झालं? लवकर सांग." मी सांगितलं. "आगं बया!" म्हणत त्या उठल्याच.

"ठराव मांडते! पोरगा झुरळ मारत न्हाई, पर मामा मारलाय. लगीन व्हावं का मोडावं?"

त्या दिवशीसारखं मतदान मी पुन्हा पाहिलं नाही. लोक पॉपकॉर्न विसरले. समोरची एक चष्म्यातली मुलगी म्हणाली, "काकू, हा तर नुसता धोक्याचा लाल झेंडा नाही, आख्खा मांडव लाल आहे." मागचा भाई साब उभा राहिला, "आंटी, शादी तो होनी चाहिए, सजा काट ली ना बेचारे ने." एक आजोबा काठी वर करून म्हणाले, "मामा कसा होता ते आधी बघा." हशा, टाळ्या, आरडाओरडा. काकींचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा फुलला होता.

"व्हावं म्हणणारे, हात वर!"

ओंकारचा हात पहिला वर गेला. शेजारी ऋतुजा त्याच्याकडे बघत राहिली. मग "मोडावं" म्हटल्यावर तिने हात वर केला.

"तू का रे व्हावं म्हणालास?" तिने विचारलं.

"असंच."

"असंच कसं? त्याने तिला फसवलं ना?"

"सांगणार असेल तो. वेळ सापडत नसेल."

ती अजून जरा वळून बसली. "तुझं काय गुपित आहे, ओंकार?"

तेवढ्यात दिवे गेले. उत्तरार्ध भलताच विनोदी होता. मुलीची आई खुनापेक्षा बुक केलेल्या हॉलच्या काळजीत, मावशी विचारतेय की खुनी जावयाला मानाचा टॉवेल द्यायचा का. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. पुढच्या रांगेतली दोन डोकी मात्र हलली नाहीत.

बाहेर सरकत्या जिन्यापाशी ओंकारचं बिंग फुटलंच. ऋतुजा रडत होती. ओंकार खाली मान घालून सांगत होता, "नोकरी गेलीय माझी. पावसाळ्याच्या आधीच. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन निघतो आणि कासारसाईच्या धरणावर जाऊन बसतो. तिथूनच अर्ज करतो. तुला रोज फोन करायचो ना जेवणाच्या सुट्टीत, तो तिथूनच."

"मी विचारायचे आज काय जेवलास, आणि तू मला कॅन्टीनची भाजी सांगायचास!"

"कालची आठवून सांगायचो. म्हणजे, जुनी."

मला हसावं का रडावं कळेना. एव्हाना मतदानवाली सगळी मंडळी भोवती गोळा झाली होती. चष्मेवाली, भाई साब, काठीवाले आजोबा. सगळ्यांना चटक लागली होती. एक जण ओरडला, "काकी, घ्या मतदान! लग्न व्हावं का मोडावं?" आणि खरंच, काहींनी हात वरसुद्धा केले.

"खाली करा हात," काकी म्हणाल्या.

कुणाला वाटलं गंमत चाललीय.

"खाली करा म्हणते ना! ह्यो पिच्चर न्हाई. जावा समदी आपापल्या घरी." सरपंचपदाचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. माणसं खरोखर पांगली. जाता जाता आजोबा मला हळूच म्हणाले, "बाई मोठी हाय."

अण्णांनी पिशवीतून शेंगांची पुडी काढली, ओंकारचा दंड धरला आणि त्याला पलीकडच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. दोघं शेंगा सोलत बसले. काकींनी ऋतुजाला बाकावर बसवलं आणि मला जवळ उभं राहायला सांगितलं.

"मी तुला काय कर म्हणून सांगणार न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं सांगते, ऐकायचं तर ऐक. आमच्या मांडवाची पानं वाळली नव्हती, तवा हे गोठ्यात पडले. हातपाय झाडतायत, तोंडाला फेस. मी किंचाळले. सासू म्हणली, घाबरू नगं, त्याला लहानपणापासनं फिट येती. समद्या घराला ठावं होतं. आमालाच न्हवतं."

ऋतुजाचं रडणं थांबलं.

"माझा बाप आला, चुलते आले, मामा आले. अंगणात बैठक बसली. पोरीला न्यायची का ठेवायची. समद्यांनी हात वर केले. मी चुलीपाशी उभी. मला कुणी इचारलं न्हाई. न्यायची, असं बहुमत झालं. गाडीला बैल जुपले."

"मग?" मीच विचारलं. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

"मग मी गाठोडं आणाय आत गेले. हे भिंतीला टेकून बसले हुते. मला म्हणले, तू लई घाबरलीस न्हवं? दुसरं काय न्हाई, येवढंच. म्हणलं, इतकी माणसं गोळा झाली, मला इचारणारा ह्यो एकच. मी गाडीत बसले न्हाई." काकींनी पदराने नाक पुसलं. "सासूवर राग मातर लई वरीस धरला. त्यात कसूर केली न्हाई."

ऋतुजा ओलसर हसली. "अण्णांना अजून होतं?"

"गोळ्या हायेत. पर त्या पडद्यावर उजेड लखलखला की फिट यील म्हणून माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. त्यांना पिच्चरचं येड, नगं कसं म्हणायचं? मग मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसते. पिच्चर काय, तुमी समदी सांगताच की."

मी कट्ट्याकडे पाहिलं. अण्णा ओंकारला शेंग कशी फोडायची ते दाखवत होते आणि तो लहान मुलासारखा बघत होता. अंधारात काकी झोपतात, असं मी इतके दिवस समजत होते.

"आता तू," काकी ऋतुजाला म्हणाल्या. "मी राहिले म्हणून तू ऱ्हायला पायजे असं न्हाई. आज तर मुळीच ठरवू नगंस. घरी जा, जेव, झोप. मग तुला काय वाटतंय ते बघ. आईला, मैत्रिणीला इचारलंस तरी शेवटी तुझं तू ठरव."

ऋतुजा एकटीच रिक्षाने गेली. ओंकार रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. काकींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धरणावर बसू नगंस रोज. गार वारं असतं. आमच्या वरच्या गच्चीत बस, वायफाय हाय."

आणि तो खरंच आला. गच्चीत बसून अर्ज करायचा, दुपारी खाली पिठलं-भाकरी खायचा. दिवाळीच्या सुमारास ऋतुजाही आली, थेट वर गेली आणि बऱ्याच वेळाने दोघं खाली आले. ओंकारने तिच्या वडिलांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं होतं. लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं. पत्रिका पुन्हा छापायच्या होत्या. तारखेवर मतदान घ्यावं असं एका भाडेकरूने सुचवलं, तर काकी त्याच्यावर अशा खेकसल्या की तो बोका ओट्यावरून उडी मारून पळाला.

पण मला सांगायची आहे ती सकाळ सिनेमाच्या दुसऱ्या दिवसाची. कामावर जायला म्हणून मी जिना उतरत होते. ओट्यावर दोघं चहा घेत बसली होती, आणि बोलत होते अण्णा. दिवसाला चार शब्द बोलणारा तो माणूस सिनेमा सांगत होता. म्हातारे पाहुणे होऊन त्यांनी शेजारच्या खांबाचा खांदा थोपटला, आवाज बदलून म्हणाले, "आरं, तू सुटलास कधी?" आणि काकी, ज्यांनी त्यावर सगळ्या थिएटरचं मतदान घेतलं होतं, तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बया! मग?"

मी जिन्यातच थांबले. अण्णांनी हॉल सांगितला, टॉवेल सांगितला, मावशी सांगितली. काकी हसून हसून वाकल्या. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "शेवटी ती पोरगी थांबली का गेली?"

"थांबली."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"न्हाई. तिच्या मनानं."

"मग बरं केलं," काकी म्हणाल्या, आणि अण्णांचा रिकामा कप उचलून आत गेल्या.