ऐब सांगून सोयरीक

दारू सोडून आलेल्या माणसाला आमचे बापू पहिला प्रश्न विचारतात, "मामाचं गाव कोणतं?"

किती प्यायचास, कधीपासून प्यायचास, यात त्यांना रस नाही. ते माझं काम. हिंगोलीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आमचं छोटंसं केंद्र आहे आणि तिथे मी समुपदेशक आहे. दवाखान्यात अंगातली दारू उतरते, पण माणूस परततो तो त्याच गावात, त्याच मित्रांत. खरी कसोटी तिथून पुढे. त्याला काम मिळवून द्यायचं, घरच्यांशी बोलायचं, गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, पाय घसरलाच तर ओरडाआरडा न करता पुन्हा उभं करायचं, अशी आमची कामं. त्यासाठी गावोगाव फिरणारा माणूस आम्ही शोधत होतो. बापूंनी अर्ज वगैरे काही केला नाही. ते भाच्याला घेऊन आले होते. भाचा बरा होऊन गेला आणि बापू राहिले.

त्याआधी ते सोयरिकी जमवायचे. औंढ्यापासून वारंगा फाट्यापर्यंत कोण कुणाचा साडू, कुणाची नणंद कुठे दिली, सगळं तोंडपाठ. मग एकाएकी ते काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सोडलं, असं सांगतात. आमच्यासाठी मात्र त्याच गुडघ्यांनी दिवसभर वाड्या-वस्त्या तुडवतात, म्हणून माझा त्या गुडघ्यांवर कधीच विश्वास बसला नाही.

धंदा सुटला, पण नजर सुटली नाही. नवा माणूस आला की बापू त्याला खोलीत इकडून तिकडे चालायला लावतात आणि मान हलवून म्हणतात, "चाल घरंदाज हाय." मग मामा, मावशी, आत्या, चुलते अशी चौकशी सुरू होते. मी शेजारी घड्याळाकडे बघत बसते. पण त्या नात्यांच्या गुंत्यातून एखादा समजूतदार मावसभाऊ निघतो, जो संध्याकाळच्या वाईट वेळेला या माणसापाशी बसायला तयार असतो. तो सापडला की बापू मांडीवर थाप मारतात. "बराबर. घर सापडलं."

आमचा माणूस त्यांच्या लेखी नवरदेव असतो. काम मागायला न्यायचं तर ते त्याची दाढी करून घेतात, धुतलेला सदरा घालायला लावतात, स्वतः कडक इस्त्रीची टोपी घालतात. एकदा असंच एका तरण्या पोराला घेऊन ते हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी गेले. मालक बाहेर गेले होते. मालकिणीनं दारात बापूंना पाहिलं, मागे भांग पाडून उभा असलेला पोरगा पाहिला आणि जे समजायचं ते समजली. घरात लग्नाची मुलगी होती. पोहे झाले, चहा झाला. मग बाई पदर सावरून समोर बसल्या.

"मुलगा काय करतो?"

"सध्या काहीच करत न्हाई," बापू म्हणाले. "म्हणून तर तुमच्या दारी आणला."

"शेती किती?"

"शेती कशाला पाहिजे? अंगात ताकद हाय. पोती उचलंल."

बाई गप्प. आतल्या खोलीतल्या बांगड्याही गप्प. पोरगा घामाघूम. बापूंना वाटलं, बोलणं पगारावर अडलंय. ते मोठ्या मनानं म्हणाले, "महिन्याला काय द्यायचं ते तुमीच ठरवा. आमचं काही म्हणणं न्हाई."

तेवढ्यात मालक आले म्हणून बरं. त्यांनी हसून हसून डोळे पुसले आणि पोराला पोती उचलायला ठेवून घेतलं. तो अजून तिथेच आहे. मालकीण मात्र अजून बापूंशी बोलत नाही.

आमचं भांडण व्हायचं ते वेगळ्या गोष्टीवरून. सोयरिकीतली त्यांची सवय ऐब झाकण्याची. वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलमालकाला त्यांनी सांगितलं, "पोरगं निर्व्यसनी. सुपारीचं खांड तोंडात घेत न्हाई." पोरगा महिनाभर नीट राहिला आणि एका दुपारी गल्ल्याशेजारी झिंगून पडला. मालक तावातावाने आमच्या केंद्रात आला. पोराचं काम गेलंच, वर आमचं नावही गेलं. त्या दिवशी मी बापूंना फैलावर घेतलं. घसरणं हा या आजाराचा भाग आहे, काम देणाऱ्याला तो आधी माहीत असला तर तो सांभाळून घेतो, म्हणून आमच्या माणसाची परवानगी घ्यायची आणि खरं सांगायचं, असं बजावलं.

"ऐब सांगून कुठं सोयरीक जमते का, ताई?" ते कुरकुरले.

"नाही जमली तर नाही जमली."

बापू बरेच दिवस माझ्याशी मोजकं बोलले. मग एकदम दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या माणसाला घेऊन गिरणीवाल्याकडे गेले आणि तो प्यायचा कसा हे तर सांगितलंच, शिवाय घोरतो, हिशोबात कच्चा आहे, सासऱ्याशी पटत नाही, हेही सांगून टाकलं. तो बिचारा म्हणाला, "बापू, एवढं सगळं सांगायची परवानगी म्या दिली नव्हती." गिरणीवाल्यानं ठेवून घेतलं त्याला. म्हणाला, इतकं खरं सांगून कुणी नोकर दिलेला नाही मला आजवर.

अशा माणसानं दत्ताच्या बाबतीत टाळाटाळ करावी, हे मला कळेना.

दत्ता औंढ्याजवळच्या वस्तीवरचा. घरची मेंढरं आणि थोडी शेती. दिवाळीपासून त्यानं थेंब घेतला नव्हता. भावानं विश्वासानं मेंढरं पुन्हा त्याच्या हाती दिली होती. एकच गोष्ट उरली होती. बायको, रुक्मिण, लहान लेकीला घेऊन कधीच माहेरी निघून गेली होती. "लेकरू मला वळखंल का, मॅडम?" असं तो दर भेटीत विचारायचा. रिकामं घर त्याला पुन्हा दारूकडे ओढेल, ही भीती मलाही होती. मी बापूंना म्हणायचे, एकदा तिच्याकडे जाऊन या. बापूंना कधी ताप यायचा, कधी कुणाचा दहावा निघायचा.

शेवटी मी जरा चिडूनच विचारलं, "काय आहे काय तिथे?"

बापू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती सोयरीक माझीच हाय, ताई. पोरगं लग्नाआधीपासूनच पीत होतं. मला समदं ठावं होतं. लग्न झालं की सुधरंल, म्हणलं. पोरीच्या बापाला बोललो न्हाई."

ती त्यांनी जमवलेली शेवटची सोयरीक होती. "मी येते बरोबर," मी म्हणाले.

आम्ही तिघं गेलो. फाट्यावरून आत चालत तिचं गाव. रुक्मिणच्या वडिलांनी बापूंना पाहिलं आणि तोंड फिरवलं, पण दत्ताची तब्येत बघून विरघळले. "सुधरला म्हणता, तर घेऊन जा पोरीला. लोक नावं ठेवून राहिले."

"तुमाला न्हाई इचारत," बापू म्हणाले. "मागच्या बारीला तुमालाच इचारलं होतं."

त्यांनी रुक्मिणला बाजेवर बसवलं आणि दत्ताला खाली सतरंजीवर. धाकटी बहीण चहा करायला उठली, तिला थांबवून दत्ताला चुलीकडे पाठवलं. दत्तानं केलेला चहा फार गोड होता, तो आम्ही प्यालो. मग, दत्ताकडे बघून त्याची मान हलल्यावर, बापूंनी त्याचे ऐब सांगितले. दारू, मारहाण, विकलेली बकरी, सगळं. दत्ता मान खाली घालून ऐकत होता. "आता तू इचार," बापू रुक्मिणला म्हणाले.

ती दत्ताकडे वळली. मग म्हणाली, "पुन्हा पिलास तर?"

मला वाटलं, आता लेकराची शपथ घेणार. पण दत्ता म्हणाला, "पिणारच न्हाई असं सांगता येत न्हाई. पिलो तर आधी मॅडमकडं जाईन. तसाच घरी येणार न्हाई."

रुक्मिणनं बापूंकडे पाहिलं. "तुमाला तवा ठावं होतं?"

"व्हय."

"मग काहून बोलले न्हाई?"

"सोयरीक मोडली असती." बापूंनी टोपी काढून हातात घेतली. "चुकलं माझं, लेकरा."

तिनं माफ केलं, असं काही म्हणाली नाही. दत्ताला म्हणाली, "दर बाजाराच्या दिवशी येत जा. लेकरापाशी बस, जेव, अन् परत जा. पुढचं मी सांगीन तवा." दत्तानं मान डोलावली. त्याची लेक आईच्या मागून त्याला न्याहाळत होती.

आम्ही उठलो, तेव्हा रुक्मिणनं धाकट्या बहिणीचा हात धरून तिला पुढे ओढलं. "बापू, हिला स्थळं येऊन राहिलेत. तुमीच बघा."

"हे बघणार?" वडील म्हणाले.

"व्हय. हे आता ऐब सांगतात."

बापू पुन्हा खाली बसले आणि त्या मुलीला म्हणाले, "पोरी, तुला कसं घर पाहिजे?"

"मला आधी नर्सिंग करायचंय," ती म्हणाली. "घर आत्ता नको."

"बराबर." बापू वडिलांकडे वळले. "पोरगी सध्या द्यायची न्हाई."

फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. दत्ता पाणी आणायला गेला होता. पलीकडच्या रस्त्यानं एक वरात बँड वाजवत चालली होती. बापू तिच्याकडे बघत म्हणाले, "कुठं बँड वाजला की मी घरात जाऊन दार लावून बसतो, ताई. रुक्मिण माहेरी परतली तवापासून एका लग्नाला गेलो न्हाई." मग उपरण्यानं डोळे पुसले. मी त्यांचा हात धरला.

"धाकटीच्या लग्नाला जाईन," ते म्हणाले. "शिकू दे किती शिकायचं ते. मी थांबतो."