दोन्हींतलं एक

डोळ्यांच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे मी घरात एक शब्दही न वाढवता ठरवून दाखवणार होतो. आमची असिलकानवहिनी त्या गोळ्या विकते. तिच्या मते त्या घेतल्या की डोंगरापलीकडची मेंढरं मोजता येतात. मी टॅक्सी चालवतो. मला समोरचा रस्ता दिसला तरी पुरे. म्हणून नारीनहून थेट बिश्केक गाठलं आणि डॉक्टरीणबाईंना डोळे दाखवले.

त्या म्हणाल्या, "पडद्यावर डाग सुरू झालेत. गोळ्यांनी गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकायला मदत होईल. पण तुम्ही सिगारेट ओढता. या गोळ्यांत गाजरातला रंग आहे, तो ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला वाईट. दोन्हींतलं एक सोडा."

परतताना दोलोन घाटाच्या पायथ्याशी बायकोचा, बुरुलचा फोन आला. आवाज तुटत होता.

"काय म्हणाल्या?"

"डोळ्यांत डाग आहेत. दोन्हींतलं एक सोडावं लागेल."

"अगं बाई. कोणतं?"

"ते माझं मला ठरवायचंय," म्हणालो, आणि रेंज गेली.

घरी पोचलो तर दारात बुटांचा ढीग. इतके बूट लग्नात दिसतात नाहीतर मयताला, आणि लग्न तर कुणाचंच ठरलेलं नव्हतं. अंगणात मेंढी कापलेली, कढईखाली जाळ. आईचं वय झालंय. आत धावलो. आई जिवंत होती. मला बघून तिनंच हंबरडा फोडला.

बुरुलनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कोणता ठरवलात?"

"काय कोणता?"

"डोळा हो. डावा की उजवा?"

मी सगळं सांगितलं. कोच्कोरहून मुद्दाम आलेले मामा म्हणाले, "म्हणजे काढणारच नाहीत?" त्यांचा आवाज जरा पडलाच.

आईनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. मी मुकाट्यानं सिगारेटचं पाकीट दिलं. तिनं ते चुलीत घातलं.

"वहिनी, हरलो. दे आता गोळ्या."

वहिनी ओशाळली. "भाऊजी, तुमचं ऐकून सगळे घाबरले हो. होते नव्हते तेवढे डबे घेऊन टाकले. एकही उरला नाही."

मामांनी माझ्यासमोरच एक गोळी चहाबरोबर गिळली, मान डोलावली आणि सिगारेट पेटवायला अंगणात गेले.

मीही मागोमाग गेलो. त्यांना डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पुन्हा नीट समजावून सांगायला. आणि थोडं वासासाठी.