नालीच्या काठावरच्या बाजा

कुंताची चूल दोन नंबर वॉर्डात गेली आणि दार तीन नंबरात. पटवाऱ्यानं चुन्याची रेघ तिच्या घराच्या मधोमध नेली होती. एकोणसाठ साली चामोर्शीकडच्या त्या गावात ग्रामपंचायतीसाठी पहिल्यांदाच वॉर्ड पडत होते आणि ढिवरटोलीचे, मासेमारांच्या वस्तीचे, बरोबर दोन तुकडे झाले होते.

कुंता तीन नंबरातून उभी राहणार होती. मागणी एकच: भैयाजींच्या धान गिरणीची नाली टोलीच्या बोडीत सोडू नये. उकड्या तांदळासाठी धान भिजवलेलं पाणी आंबून सडायचं आणि थेट त्या तळ्यात उतरायचं. मरळ मरून वर येत होती. पावसाआधी नाली वळली नाही, तर अंड्यावरची उरलीसुरली मासळीही जाणार आणि टोलीला जाळी गुंडाळून मजुरीला निघावं लागणार होतं.

रेघेनं टोली तोडली, या कुंताच्या तक्रारीवरून तहसीलचे साहेब सायकलीनं आले.

"अर्धं घर इकडे, अर्धं तिकडे. मत कुठी देऊ साहेब?" कुंतानं विचारलं.

"झोपता कुठं?"

"या गर्मीत घरात कोन झोपते? आंगनात."

घाम पुसत साहेबांनी निकाल दिला: ज्याची बाज ज्या वॉर्डात, त्याचं मत त्या वॉर्डात. उद्या सकाळी मोजणी.

दिवस मावळायच्या आत सगळ्या टोलीच्या बाजा रेघ ओलांडून तीन नंबरात आल्या. पोचू नावाच्या पोरानं तर बाप बसला होता ती बाज तशीच ओढत आणली.

भैयाजीही तीन नंबरातूनच उभे होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते हसले. "बाजा काय त्यायच्याच घरी हायेत?" थोड्याच वेळात गावातल्या शेतकऱ्यांच्या बाजा बैलगाड्या भरून टोलीत उतरल्या. सर्वांत पुढं खुद्द भैयाजींची, नवारीची.

कुंतानं नजरेनंच अंदाज घेतला. टोली हरली होती.

"भाऊ, जागा फक्त नालीच्या काठानं हाय," ती म्हणाली.

"चालते मले!"

सकाळी साहेब आले तेव्हा शेतकरी नाकातोंडाला दुपट्टे गुंडाळून बसले होते. केवळरामचे डोळे सुजले होते. रामाजी रात्रभर ओकला होता. टोलीची माणसं तेवढी गाढ झोपेत होती. त्यांना त्या वासाची सवय होती.

मोजणीत भैयाजींची बाजू भारी निघाली. कुंताची मान खाली गेली.

"ठीक," साहेब म्हणाले. "आता मतदानापर्यंत बाज हलली, की नाव कटलं."

"मतदान कवा हाय जी?" केवळरामनं विचारलं.

"पंधरा दिवसांनी."

शेतकऱ्यांनी नालीकडं पाहिलं. मग केवळराम उठला. "साहेब, टोलीचा वॉर्ड अलगच पायजे. न्यायाची गोष्ट हाय. आमाले काढा यातून."

"काऊन बे केवळ्या?" भैयाजी ओरडले, पण तोंड उघडताच त्यांना ठसका लागला.

साहेब कुंताकडं वळले. "बाई, हरकत नसेल तर सगळ्या टोलीचा एक वॉर्ड करून टाकतो."

तक्रारीत हेच तर तिनं मागितलं होतं. पण टोलीचा पंच एक आणि बाकीचे सारे भैयाजींचे. नाली जागची हलणार नव्हती. कुंतानं मान वर केली.

"हरकत हाय ना साहेब. असे शेजारी जल्मात भेटले नाई. राहू द्या पंधरा दिवस."

सगळे शेतकरी हळूहळू भैयाजींकडं वळले. रामाजी तर उठूनच उभा राहिला.

"पाहून काय राह्यले?" भैयाजी नाक दाबून म्हणाले. "फावडे आना! वळवा नाली माह्या धानाच्या बांधीत!"

"पह्यले खना भाऊ," कुंता त्यांच्याच नवारीच्या बाजेवर टेकत म्हणाली. "मंग बोलू वॉर्डाचं."