पेटलेली नस आणि मऊ भात

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, हिवाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी, पालघरचे दातांचे डॉक्टर वर्तक अंगातल्या पांढऱ्या कोटासह सातपाटीच्या एसटीत चढले. त्यांच्या पेशंट हिराबाई पळाल्या होत्या. मी दवाखान्याच्या शेजारी राहत असे, म्हणून मलाही ओढून नेलं.

डॉक्टरांचा एक हट्ट होता. रूट कॅनॉल असलं, की ते आधी सूज उतरवणारी गोळी देत आणि पेशंटला तासभर बसवून ठेवत. गोळी उपाशीपोटी नको, म्हणून स्वतः स्टोव्हवर मऊ भात शिजवून वाढत. "पेटलेली नस सुईचं ऐकत नाही," ते म्हणत. "आधी तिला शांत करा, मग भूल द्या." दाढ ठणकली की वर्तकांकडे जेवायला जावं, असं गावात गमतीनं म्हणत.

हिराबाईंना पूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरकडे भूल लागलीच नव्हती. आता दाढेमुळे आठवडाभर झोप नव्हती, म्हणून त्या आल्या. भात खाल्ला, गोळी घेतली. तासाभरात ठणका थांबला. डॉक्टर उकळलेली सुई घेऊन वळले, तर बाकावर कोणी नव्हतं.

सातपाटीत, आपल्या कोळीवाड्यात, त्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या.

"हिराबाई, चला. सुई तयार आहे."

"आता दुखत नाय, डाक्टर."

"ही गोळीची करामत. दाढ आतून किडलेलीच आहे. उद्या गाल सुजेल, मग उपटावीच लागेल."

"मंग उद्या येते भात खायाला."

शेजारची बाई ओरडली, "जा की गो हिरे! नवरा तरी कदी असा न्यायला आला काय?"

"दुखलं तर हात वर करा, मी थांबेन," डॉक्टर म्हणाले.

"मागचा पन हेच बोललेला."

डॉक्टरांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या दाढेलाही भूल लागली नव्हती. मी डॉक्टरला चावलो होतो."

बायका हसत सुटल्या. हिराबाईंनी टोपली खाली ठेवली. "मी चावली तर बोलायचं नाय हां."

गोळीचा अंमल ओसरायच्या आत परतीची एसटी मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई दिली, वाट पाहिली, दाढेवर पुन्हा पुन्हा टकटक केली.

"कळतंय?"

"नाय."

हात एकदाही वर आला नाही. काम संपलं, तेव्हा हिराबाई खुर्चीतच झोपल्या होत्या. डॉक्टरांनी दिवा त्यांच्या चेहऱ्यावरून बाजूला वळवला आणि बाहेर येऊन बाकीच्या पेशंटना हळू आवाजात उद्या यायला सांगितलं.