बुडालेल्या माणसाचा शोध

प्राणवायू मोजणारा दांडा टाकीतून वर काढून पुसता पुसता सगिंदिकचा फोन खिशातून निसटला आणि अख्ख्या गावाच्या सांडपाण्यात गडप झाला. दांडा तसाच कठड्यावर टाकून तो गळ आणायला मागच्या शेडकडे धावला.

स्तेपच्या गवताळ माळरानाच्या कडेला असलेल्या या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात एके काळी एका पाळीला अकरा माणसं राबत. मग संगणक आला, झडपा आपल्या आपण उघडू-मिटू लागल्या आणि उरला एकटा सगिंदिक. दिवस दिवस त्याला जिभेचं कामच पडत नसे.

इकडे दांडा हवेत, त्यामुळे आकडा भलताच. यंत्रानं सगिंदिकला तीनदा फोन लावला आणि मग यादीतलं पुढचं नाव घेतलं. ते होतं तोख्तारचं. पंपांच्या या मेस्त्रीला दोन वर्षांपूर्वी घरी बसवलं होतं, पण यादीतून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. "टाकी क्रमांक तीन. कर्मचारी उत्तर देत नाही," एवढंच यंत्र बोललं. तोख्तारनं काय समजायचं ते समजून अग्निशमन दलाला कळवलं आणि स्वतः बस पकडली.

शेडमधला पसारा उपसून सगिंदिक गळ घेऊन परतला, तर टाकीभोवती सहा जवान. आत माणूस बुडालाय, असं एकानं सांगितलं. कोण असेल बिचारा? सगिंदिकनं हवेचे पंप बंद केले आणि जवानांबरोबर तासभर टाकी ढवळली. त्याला ओळखणारं तिथं होतंच कोण? एक हातमोजा वर आला तेव्हा सगळ्यांसोबत त्यानंही टोपी काढली.

तेवढ्यात लाल डोळ्यांनी तोख्तार येऊन पोचला आणि जागच्या जागी थिजला.

"कुणाला शोधतोयस रे?"

"कुणीतरी बुडालाय म्हणे."

"तूच बुडालायस, गाढवा," असं म्हणून तोख्तारनं त्याला घट्ट मिठी मारली.

दलाच्या प्रमुखानं नोंदवही पुढे केली. 'बुडालेली व्यक्ती' आणि 'शोधकार्यात मदत करणारी व्यक्ती', दोन्ही रकान्यांत सगिंदिकनं आपलंच नाव लिहिलं.

गाडी गेल्यावर दोघं दुधाचा चहा घेऊन पायरीवर बसले. सगिंदिक ओशाळला होता. आजच कळवून तुझं नाव यादीतून काढायला लावतो, असं तो म्हणाला.

तोख्तारनं बशीतला तळलेल्या पिठाचा बौरसाक उगाचच इकडून तिकडे सरकवला.

"असू दे. दोन वर्षांत कामासाठी आलेला पहिलाच फोन होता तो."

समोरच्या रस्त्यावरून पाचची बस गेली. पुढची थेट सकाळी. दोघांनीही तिला जाताना पाहिलं, पण उठलं कुणीच नाही.